मठाचं दळण

सांबप्पाची गिरणी चालू आहे का बंद, हे बघायला कुणी आत जात नाही. देवगाव फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, गाव यायच्या थोडं अलीकडं, त्याचं पत्र्याचं शेड आहे. दारासमोरच्या भिंतीवर एक लाकडी फळी, आणि फळीवर विजेच्या तीन फेजचे तीन बारके दिवे, लाल, पिवळा आणि निळा. एकच लागला असेल तर पंखा फिरतो, मोबाईल चार्ज होतो, बस्स. दोन लागले तर मोटरीला हात लावायचा नाही, नुसती घुमते आणि जळते. तिन्ही लागले तर गिरणी. रस्त्यानं जाणारा माणूस गाडीवरूनच ओरडतो, ‘‘अप्पा, तिन्ही हायत का?’’ आणि सांबप्पा खाटेवरून मान न वळवता सांगतो, ‘‘एकच हाय.’’

दुसरी माणसं सकाळी उठून देवाकडं बघतात, हा फळीकडं बघतो, असं गावात म्हणतात. ते काही खरं नाही. तो आधी आंघोळ करतो, गिरणीमागच्या खोलीत बसून गळ्यातल्या लिंगाची पूजा करतो, कपाळाला भस्म लावतो आणि मगच फळीकडं बघतो. आता पूजेला बसताना तो मधलं दार उघडं ठेवतो आणि एक डोळा बाहेर असतो, ही गोष्ट वेगळी. भागम्मानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते कितीदा पाहिलंय. देवानं पण पाहिलंच असेल. दोघंही काही बोलत नाहीत.

गिरणी गावात असती तर एवढी पंचाईत नव्हती. गावातल्या घरांची लाईन वेगळी, तिच्यावर लाईट बऱ्यापैकी राहते. पण सांबप्पाच्या बापानं गिरणी टाकली रस्त्यावर, चार खेड्यांच्या बैलगाड्यांना थांबायला सोपं पडावं म्हणून. तेव्हा आसपास कुठं खांबच नव्हता, तर लाईनीचा विचार कुणाच्या डोक्यात येणार? पुढं खांब आले, तारा आल्या, आणि रस्त्यावरची गिरणी शेतातल्या मोटारींच्या लाईनवर गेली. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात सांबप्पा दिवसा डबे गोळा करतो आणि गाव झोपल्यावर एकटाच दळत बसतो. सकाळी त्याच्या भुवया पांढऱ्या आणि डोळे लाल असतात. बायका विचारतात, ‘‘अप्पा, झोपला न्हाईत का?’’ हा म्हणतो, ‘‘झोपलो की. पिठात.’’

बापाच्या काळात ही भानगडच नव्हती. तेलावरचं इंजन होतं, काळं, बैलाएवढं. ते सुरू झालं की त्याचा आवाज शेजारच्या गावापर्यंत जायचा आणि तिथल्या बायका डोक्यावर दळण घेऊन निघायच्या. सांबप्पाच्या हातात कारभार आला आणि त्याच सुमाराला रस्त्यानं तिन्ही फेजची लाईट आली. यानं इंजन भंगारात घातलं आणि गावात पेढे वाटले. पेढे वाटले, हे तो अजून विसरू शकत नाही. इंजनाचा सिमेंटचा चौथरा मात्र कुणी नेला नाही, तो शेडच्या मागं तसाच आहे. भागम्मा त्याच्यावर मिरच्या वाळवते. लाईट गेली की ती काही बोलत नाही, नुसती त्या चौथऱ्याकडं बघते आणि मिरच्या हलवते. एखादं भांडण परवडलं, पण ते मिरच्या हलवणं सांबप्पाला सहन होत नाही.

आता गावात दुसरीच भर पडली होती. बचत गटातल्या बायकांना घरघंट्या मिळाल्या. कपाटाएवढी गिरणी, घरातल्या साध्या लाईटवर चालणारी. निकिता नावाची एक हुशार सून होती, तिनं ओसरीतच घंटी मांडली आणि शेजारपाजारचं दळण घ्यायला लागली. तिच्याकडं तीन दिवे बघावे लागत नाहीत, बटण दाबलं की झालं. सांबप्पाकडची डब्यांची रांग हळूहळू आखडत गेली. तो निकिताला वाईट म्हणाला नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, एवढं त्याला कळत होतं. कळत होतं म्हणून त्रास कमी होत होता असं नाही.

पण एक गोष्ट घरघंटीच्या आवाक्यातली नव्हती, ती म्हणजे मठाचं दळण.

गावातल्या मठाची फाल्गुनात यात्रा भरते. पालखी निघते, कीर्तन होतं आणि शेवटच्या दिवशी दासोह, म्हणजे आलेल्या प्रत्येक माणसाला जेवण. लिंगायतांची घरंच नव्हे, पंचक्रोशीतली सगळी जातपात पंगतीला बसते. त्या जेवणातल्या पुऱ्यांचा गहू घराघरातून गोळा होतो आणि सांबप्पाच्या बापापासून तो याच गिरणीत दळला जातो. दळणाचा एक पैसा घ्यायचा नाही, उलट आपली एक पायली गहू त्यात घालायची. हा त्यांच्या घराचा मान. त्याची रीत अशी की, मठाचं दळण यायच्या आधी गिरणीच्या दगडांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं ठोकून ते खरबरीत करायचे, सगळं यंत्र आतून-बाहेरून पुसून घ्यायचं, मोटरीला, पट्ट्याला, दगडाला भस्माची तीन बोटं ओढायची. मठाचे महाराज स्वतः येऊन गव्हाची पहिली ओंजळ गिरणीत घालतात. एकदा ती ओंजळ पडली की मठाचं शेवटचं पोतं दळून होईपर्यंत दुसऱ्याचा एक दाणा गिरणीत जात नाही. मग दारात राजा येऊन उभा राहिला तरी त्यानं थांबायचं.

मठाचं दळण ज्याच्याकडं, गावाचं दळण त्याच्याकडं, असं सांबप्पाचा बाप म्हणायचा. गावाचं निम्मं दळण तर आता गेलंच होतं. म्हणून सांबप्पानं मनाशी हिशेब मांडला होता: निदान हे राहिलं पाहिजे. हे राहिलं तर आपण गिरणीवाले. हे गेलं तर आपण नुसते पत्र्याच्या शेडात बसलेले म्हातारे.

यंदा योगही बरा जुळला होता. यात्रेचा आठवडा दिवसाच्या लाईटचा निघाला. सांबप्पानं दोन दिवस खपून दगडांना टाकी लावली, कुंच्यानं कोपऱ्याकोपऱ्यातलं जुनं पीठ काढलं, ओल्या फडक्यानं यंत्र पुसलं. भागम्मानं दारात रांगोळी काढली. आदल्या संध्याकाळी यात्रा कमिटीचा शंभुराज टेम्पोत पोती घेऊन आला. शंभुराज सांबप्पाच्या मित्राचा मुलगा, सेलूच्या कापूस बाजारात त्याची अडत, बोलायला मऊ आणि कामाला वाघ.

‘‘काका, महाराज सकाळच्यापारी येतेत,’’ तो म्हणाला. ‘‘न्याहारीच्या आत ओंजळ घालतेत, अन् तुमी मोकळे दळायला.’’

सकाळी सांबप्पा पूजा उरकून बाहेर आला आणि बघतो तर तिन्ही दिवे लागलेले. नुसते लागलेले नाहीत, डोळ्यांत भरावेत असे. त्यानं धोतराचा सोगा खोचला, डोक्याला टॉवेल बांधला, पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं आणि वाट बघत बसला.

न्याहारीची वेळ झाली, महाराज आले नाहीत. ऊन शेडच्या दारापर्यंत आलं, महाराज आले नाहीत. गावातून येणाऱ्या एकानं सांगितलं, वाटेत एका घरी बाळ जन्मलंय, त्याच्या गळ्यात लिंग बांधायला महाराजांना थांबवून घेतलंय. आता त्याला काय म्हणायचं? लेकराच्या गळ्यात लिंग बांधायचं सोडून गिरणीकडं या, असं सांगायला का कुणाची जीभ उचलेल?

सांबप्पा फळीकडं बघत राहिला. लाल, पिवळा, निळा. शेतांमधून मोटारींचा घुंइंइं आवाज येत होता, गव्हाला शेवटचं पाणी चाललं होतं. लाईट दारात उभी होती आणि तिला आत ये म्हणता येत नव्हतं.

भागम्मा दारात आली. ‘‘आवो, दोन पोती तरी काढून घ्या. ओंजळ मागून घालतेत महाराज. देव काय हिशेब ठिवायलाय का?’’

‘‘बापाच्या वखतापासून कवा झालं का असं?’’

‘‘बापाच्या वखताला इंजन होतं,’’ भागम्मा म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं तोंडानं हे पहिल्यांदाच काढलं. काढलं आणि स्वतःच चपापली, पदर सावरून आत गेली. सांबप्पाला राग आला. तिचा आला, इंजनाचा आला, त्या पेढ्यांचा आला. पण पोत्याला त्यानं हात लावला नाही. रीत मोडायची तर मग मान कसला? रीत पाळली नाही तर मठाचं दळण आणि निकिताच्या ओसरीतलं दळण यात फरक काय राहिला?

ऊन चांगलं तापल्यावर महाराज आले. पाठीमागं शंभुराज आणि टाळ वाजवणारी चार माणसं. महाराज वयानं थकलेले, चालताना शंभुराजच्या खांद्यावर हात. ‘‘सांबप्पा, उशीर झाला बाबा,’’ असं म्हणाले आणि ते इतक्या मायेनं म्हणाले की सांबप्पाच्या मनातलं सगळं विरघळून गेलं. तो पाया पडला. महाराजांनी पोत्यातून दोन्ही हातांनी गहू घेतला, मंत्र म्हणत गिरणीच्या तोंडात सोडला. दाणे खाली दगडात गेल्याचा बारीक आवाज आला. सांबप्पानं दगडाला नमस्कार केला आणि स्टार्टर दाबला.

मोटर उठली. पट्टा ताणला, दगड अर्धा फिरला. आणि शेतातून, डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दिशेनं, कुणी सुतळी बॉम्ब लावावा तसा आवाज झाला. तिन्ही दिवे एकदम गेले. शेतांमधला मोटारींचा आवाजही गेला, आणि एवढा वेळ तो चालू होता हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

टाळवाले थोडा वेळ तसेच वाजवत राहिले, मग थांबले.

‘‘येईल, येईल,’’ महाराज म्हणाले. ‘‘काळजी करू नये.’’

लाईनमन आश्रुबा दुपारी सायकलीवर आला. तो सगळ्यांशी खरं बोलतो, म्हणून त्याला कुणी दारात उभं करत नाही. ‘‘अप्पा, डीपी बसला. काळं तेल गळायलंय खाली. बदलाच लागतोय.’’

‘‘कशानं गेला?’’

‘‘कशानं म्हंजे? गव्हाला शेवटचं पाणी हाय. तमाम मोटरी एकदम चालू. सकाळधरनं तापतच होता बिचारा. तुमची मोटर उठली अन् त्यानं जीव सोडला.’’

हे आश्रुबा सहज बोलून गेला, पण सांबप्पाच्या काळजात ते रुतून बसलं. सकाळीच दळायला घेतलं असतं तर? तेव्हा डीपी गार होता. का तेव्हाही गेलाच असता? हे कुणाला विचारायचं, आश्रुबाला का देवाला? गावानं मात्र निकाल लावून टाकला. संध्याकाळपर्यंत पारावर म्हणायला लागले, अप्पाच्या गिरणीनं डीपी उडवला. ज्यांच्या मोटारी बंद पडल्या ते तर येता-जाता ऐकवायचे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय ही म्हण सगळ्यांनी ऐकलेली. इथं दळणं पण नव्हतं आणि पीठ पण नव्हतं, नुसतं भुंकणं होतं.

नवा डीपी यायचा तर आधीच्या गावांचा नंबर होता. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन तालुक्याला जाऊन आले, हात हलवत परत आले. आज नाही, उद्या बघू. सांबप्पा रोज सकाळी पूजा करायचा, बाहेर यायचा, फळीकडं बघायचा. एकही दिवा नाही. पूर्वी निदान एक तरी असायचा.

शंभुराजनं धडपड कमी केली नाही. मांडववाल्याचा जनरेटर टेम्पोत घालून गिरणीपुढं आणला. वायर जोडली, दोरी ओढली, धूर निघाला. सगळ्यांनी फळीकडं बघितलं. फक्त पिवळा लागला. एकच फेजचा जनरेटर, मांडवातल्या माळा आणि भोंगा चालवायचा. मांडववाल्यानं अपराध्यासारखं तोंड केलं आणि जनरेटर परत नेला. मोठा जनरेटर होता, पण तो बोरीला एका लग्नात गुंतलेला.

पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाला, शिवप्रकाशला, भागम्मानं फोन लावून दिला. तो तिकडून म्हणाला, ‘‘अप्पा, सोलर टाकून घ्या ना.’’ सांबप्पा म्हणाला, ‘‘यात्रेच्या आत टाकून मिळतंय का बाबा?’’  त्यावर गावाकडं पाऊस आहे का, असलं काहीतरी मुलानं विचारलं. फाल्गुनात कसला पाऊस.

त्या दिवसांत फक्त कमलबाई आली. ती शेतकऱ्याघरची म्हातारी, तोंडात दात नाहीत, आणि ज्वारीचं पीठ कसं पाहिजे याबद्दल तिच्याएवढी कटकट पंचक्रोशीत कुणी करत नसेल. डोक्यावरचा डबा उतरवून ती उंबऱ्यावर बसली.

‘‘निकिताची घंटी चालू हाय की, आत्या,’’ सांबप्पा म्हणाला.

‘‘तिचं पीठ गरम निघतंय बाबा. भाकर थापली का फाटतीय. मला न्हाई लागत गोड.’’ तिनं डबा भिंतीला लावून ठेवला. ‘‘हितंच राहू दे. लाईट आली का दळ.’’

‘‘मठाचं झाल्याबिगर दुसऱ्याचं घालता येत न्हाई. महाराजांची ओंजळ पडलीय आत.’’

‘‘मग काय झालं? मठाच्या मागं माझा नंबर. देवाच्या मागं उभं राहायला काय लाजायचं?’’

ती गेल्यावर सांबप्पा त्या डब्याकडं बघत बसला. अख्ख्या शेडात एक डबा. पण त्या डब्यानं त्याला दोन दिवस धीर दिला, हे खोटं नाही.

यात्रेचा दिवस तोंडावर आला तेव्हा शंभुराज आला. टेम्पो त्यानं रस्त्यावरच, जरा लांब उभा केला होता. सांबप्पाला टेम्पो दिसला आणि सगळं कळलं. शंभुराज आत आला, पोत्यांकडं न बघता फळीकडं बघितलं.

‘‘काका...’’

‘‘कुठं न्यायलास?’’

‘‘सेलूला. वळखीची मिल हाय. सांजच्याला दळून देतेत.’’ मग घाईघाईनं म्हणाला, ‘‘मी महाराजांना म्हनलो, अजून एक दिवस बघू. पण आचारी आलेत काका. पुऱ्याचं पीठ आज पाहिजेच.’’

‘‘महाराज काय म्हनले?’’

 ‘‘म्हनले, सांबप्पाला सांगा, वाईट वाटून घेऊ नको. देवाला कुठलंबी पीठ चालतंय.’’

महाराजांनी ते समजूत घालायला म्हटलं होतं. कुणीही तेच म्हटलं असतं. पण सांबप्पाला वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. देवाला कुठलंही पीठ चालतं, तर मग त्याच्या बापानं आणि त्यानं इतकी वर्षं पुसलं ते काय, भस्म लावलं ते कशाला?

तोंडानं मात्र तो म्हणाला, ‘‘खरं हाय.’’ आणि उठून पोत्याचं टोक धरलं. शंभुराज नको नको म्हणत होता. सांबप्पानं ऐकलं नाही. पोती आणायला माणसं होती, न्यायलाही होती, पण मठाचं दळण आपल्या दारातून जाताना नुसतं बसून कसं राहायचं? एकेक पोतं त्यानं टेम्पोपर्यंत धरून नेलं. आपली पायलीभर गव्हाची पिशवीही त्यात ठेवली. उघडलेल्या पोत्याचं तोंड त्यानं स्वतः सुतळीनं बांधलं, नीट, दोन गाठी मारून.

‘‘आतल्या ओंजळीचं काय करायचं?’’ भागम्मानं विचारलं.

 ‘‘पुढच्या वर्षी...’’ एवढं म्हणून शंभुराज टेम्पोत बसला.

दैव देतं आणि कर्म नेतं असं म्हणतात. इथं दैवानं आणि कर्मानं काय केलं ते सांगता येत नाही, नेलं ते टेम्पोनं.

यात्रेच्या आदल्या दिवशी कमलबाई परत आली. या खेपेला ती उंबऱ्यावर बसली नाही. ‘‘पाव्हणे आलेत रे घरी,’’ ती म्हणाली. ‘‘सून म्हणती, आता किती दिवस पोळ्याच करायच्या?’’ सांबप्पानं डबा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. ‘‘निकिताला म्हणावं, दगड जरा ढिला कर, मग गरम निघत न्हाई,’’ असं तो म्हणणार होता, पण तिच्या घंटीला दगड असतो का लोखंड, ते त्याला माहीत नव्हतं.  भिंतीपाशी जमिनीवर डब्याच्या बुडाची गोल खूण तेवढी राहिली.

दासोहाच्या दिवशी तो जेवायला जाणार नव्हता. भागम्मा म्हणाली, ‘‘न जाऊन कसं भागंल? लोकं म्हणतेत, रुसला.’’ तेही खरं होतं. दरवर्षी तो पंगतीत बसायचा नाही, वाढायला उभा राहायचा. पुरी कशी झालीय हे लोकांच्या तोंडावर बघत फिरायचा. यंदा तो गपचूप मधल्या ओळीत बसला. पत्रावळीवर पुरी पडली. त्यानं तुकडा मोडला, तोंडात घातला.

पुरी चांगली झाली होती. खरोखर चांगली. फुगलेली, मऊ, सोनेरी. त्याला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, यंदा चव बदलली, अप्पाच्या पिठाची मजा नाही. डाव्या बाजूचा म्हणाला, ‘‘अजून दोन टाका.’’ उजव्या बाजूचा काही न बोलता खात होता. समोर निकिता तिच्या लेकराला पुरीत गूळ घालून भरवत होती. पंगती उठल्या, बसल्या, परत उठल्या. हजारो माणसं जेवली आणि एकानंही विचारलं नाही, पीठ कुठलं. सांबप्पानं पाणी प्यायलं आणि पान संपवलं. अन्न टाकायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूजेला बसला तेव्हा मधलं दार लावलेलं होतं. भागम्मानं बाहेरून हाक मारली. ‘‘आवो. आली.’’

डीपी पहाटेच बसवून गेले होते. फळीवर तिन्ही दिवे. लाल, पिवळा, निळा, आणि सगळे सारखे, कुठं मिणमिण नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त या घोड्यावर बसायला नवरदेव उरला नव्हता.

शेड स्वच्छ होतं. दगडांना नवी टाकी, यंत्रावर भस्माची बोटं अजून तशीच. रांगेत एक डबा नाही, कोपऱ्यात एक पोतं नाही. आणि दगडाच्या आत महाराजांची ओंजळ. ती दळल्याशिवाय दुसऱ्याचा दाणा घालायचा नाही. आणि नुसत्या ओंजळीवर गिरणी चालवायची नाही, कारण दाणे संपले की दगडावर दगड घासतो. टाकी जाते, दगड गुळगुळीत होतो. रिकामी गिरणी फिरवू नये, घराला बरकत राहत नाही, हे तर लहानपणापासून कानावर पडलेलं.

‘‘घरचा गहू घाला की त्याच्या मागं,’’ भागम्मा म्हणाली.

‘‘तो मठाचा न्हाई.’’

‘‘मग?’’

  सांबप्पानं पीठ पडायच्या नळीखाली पितळेची वाटी धरली, दुसरा हात पुढं केला आणि स्टार्टर दाबला. मोटर उठली. पट्टा ताणला. दगड पूर्ण फिरला, किती दिवसांनी. आधी गव्हाचा ओळखीचा आवाज आला, जेमतेम श्वास घेण्याएवढा, आणि मग दगडावर दगड घासल्याचा कर्कश आवाज. भागम्मानं कानांवर हात ठेवले. सांबप्पानं मोटर बंद केली.

वाटीत दोन बोटं पीठ पडलं होतं, जाडंभरडं, अजून कोमट. त्यानं ते चिमटीत घेऊन बघितलं. मग वाटी भागम्माच्या हातात दिली.

‘‘ह्याचं काय करू?’’

‘‘ठेव,’’ सांबप्पा म्हणाला.

तिनं वाटी देवापाशी नेऊन ठेवली. परत आली तेव्हा तो खाटेवर बसलेला होता, तोंड रस्त्याकडं. यात्रेचे पाहुणे परत चालले होते. जीप गेल्या, मोटारसायकली गेल्या, बायकांनी भरलेला एक टेम्पो गेला. निकिताचा दीर गाडीवरून गेला, त्यानं हात केला. आश्रुबा सायकलीवरून गेला. तिन्ही हायत का, असं कुणी विचारलं नाही. भागम्मा मिरच्या घेऊन मागं गेली आणि चौथऱ्यावर न पसरता तशाच घेऊन परत आली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लाईट एकदाही गेली नाही.